ज्या घरात तान्हं लेकरू हाय

जालना जेल,
११ ऑक्टोबर २०२५

वर्षा,

मी बरा हाय. कपाळावरचे टाके काढले. तू भेटायला येऊ नको. नांदरखेड्यापासून इथवर दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि आठ महिन्यांच्या ईश्वरीला कडेवर घेऊन या दारात उभं राह्यचं मला बिलकुल पसंत न्हाई. इथं फोन मिळतो, पण मागं रांग असती. लोकांसमोर मला बोलायला सुधरत न्हाई. म्हणून पत्र.

वकील म्हणला, घडलं ते एकदा बराबर आठवून काढ. तुलाच सांगतो, म्हणजे तुझ्या माझ्या जबानीत फरक पडणार न्हाई.

गोदावरीनं काठावरची आपली वस्ती नेली, मेंढरं नेली. गावानं आपल्याला शाळेत घेतलं, हे मी नाकारत न्हाई. पण त्याच शाळेच्या ओसरीवर उषाबाईचा नातू हगवणीनं गेला. ओल्या फडक्यात गेला. दूध न्हाई, गाडी न्हाई. त्यानंतर सरपंच चतुराकाकूनं ग्रामसभेत ठराव मांडला, की पुरासाठी पंचायतीकडं आलेला मदतनिधी आधी ज्या घरात तीन वर्षांच्या आतलं लेकरू हाय त्या घरांवर खर्च करायचा. हात वर झाले, ठराव पास झाला. तवा काठच्या जमिनीवाला राजानंद उठून काय म्हणला ते तू ऐकलंस. "जमीन आमची वाहून गेली. लेकरं काय, हे लोक दरसाल काढतेत."

तरी मी गप बसलो. मंग टेम्पो आला. दुधाची पावडर, गोधड्या, शेगड्या, शेडचे पत्रे न् पाइप. राजानंदनं तो शाळेकडं येऊच दिला न्हाई, आपल्या शेतातल्या आखाड्यावर, घरागोठ्याकडं वळवला. त्रिंबकदादा आडवा गेला तर त्यानं गाडीच्या लोखंडी टॉमीनं दादाचा हात मोडला. हाड मोडल्याचा आवाज मला आला. माझ्या हाताला शेडचा पाइप लागला. मी एकदाच मारलं. तो पडला. एवढंच.

मला पस्तावा न्हाई. एक गोष्ट ध्यानात ठेव. ते दूध आपल्या माणसाच्या हाडावरून आलंय. राजानंदच्या घरात त्यातला एक थेंब जाता कामा न्हाई. त्याच्या घरात बी पोरगं हाय, मला माहीत हाय. असू दे.

ईश्वरीला जप.

आदिनाथ


नांदरखेडा,
१८ ऑक्टोबर २०२५

ईश्वरीच्या बाबांस,

पत्र मिळालं. चतुराकाकूंच्या घरी आल्तं, त्यांनी शाळेत आणून दिलं. मी आणि ईश्वरी बरे हाओत. तिला खालचे दोन दात आलेत. मोठ्या भाऊजींचा हात प्लास्टरमधी हाय. रातच्याला ठणकतो.

तुम्ही गेल्यावर शाळेबाहेर आपण टाकलेलं पाल ओल धरून कुजलं. म्हणून मी शाळेतच राहते. काळजी करू नका.

टेम्पोतला माल पोलिसांनी पंचनामा करून शाळेत उतरवला. दोन शेगड्या मागच्या खोलीत मांडल्यात. सकाळी दूध, दुपारी मऊ खिचडी न् अंडं, सांजच्याला नाचणीची पेज. अंगावर पिणाऱ्या लेकरांच्या आयांना बी जेवण. चतुराकाकूंनी मला रांधायला ठेवलं. एक जीप बांधली हाय, ती आठवड्यातनं दोनदा लेकरं घेऊन कुंभार पिंपळगावला दवाखान्यात जाते. आणिक एक ठरलंय. दिवाळीनंतर टोळी उसाला निघंल, तवा तान्ह्या लेकरांच्या आयांनी जायचं न्हाई. त्यांची हजेरी निधीतनं मिळणार. मागच्या साली ईश्वरी पोटात असताना मी कोयता धरला, तुम्हाला आठवत असंल. यंदा उसाच्या फडात बाचक्यात गुंडाळून लेकरू निजवायचं न्हाई, एवढं ऐकून बायांनी काकूंचे पाय धरले.

राजानंद संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात हाय. शुद्धीवर न्हाई. त्याचा भाऊ बबलू रोज शाळेवरनं गाडी नेतो. आपल्या खोलीसमोर आला की हळू करतो. 

राजानंदच्या घराचं तुम्ही लिहिलं ते वाचलं.

जेवत जा.

वर्षाराणी


जालना जेल,
२७ ऑक्टोबर २०२५

वर्षा,

पाल ओल धरून कुजलं म्हणतीस. काल दादा भेटायला आल्ता. तो म्हणला, बबलूनं पेट्रोल टाकून जाळलं. तू ईश्वरीला घेऊन आत होतीस. पालाची मागची बाजू दातानं फाडून बाहेर निघालीस. ईश्वरीचे केस होरपळले. आणि मला लिहितीस, दोन दात आले.

मी काल राती भिंतीवर डोकं आपटलं. टाके काढलेली जागा पुन्हा उकलली. बरॅकमधला एक जण हसला, त्याला मी खाली घेऊन इतका मारला की चौघांनी ओढून काढला. आता मला वेगळं ठेवलंय. मला त्याचं काही वाटत न्हाई. जामीन झाला की मी आधी घरी येणार न्हाई, आधी बबलूच्या आखाड्यावर जाईन. हे कुणी वाचत असंल तर वाचू दे.

दादानं अजून एक सांगितलं. राजानंदची बायको रूपाली पोरगं घेऊन शाळेत येती आणि तुझ्या हातनं दूध नेती. मला आधी खोटं वाटलं. दादा म्हणला, डोळ्यांनी पाह्यलं.

तू दिलंस? ज्यांनी तुला लेकरासकट जाळायला काढलं, त्यांच्या पोराला? खरं लिही. दिलं असशील तर तसं लिही, मंग मला नवरा म्हणू नको.

आदिनाथ


नांदरखेडा,
६ नोव्हेंबर २०२५

ईश्वरीच्या बाबांस,

दिलं. रोज देते.

तुम्हाला खरं पाहिजे तर आता सगळंच खरं वाचा. पाल जाळलं हे मी लपवलं, कारण तुम्हाला कळलं की तुम्ही तिथं कुणाचं तरी डोकं फोडणार, हे मला माहीत होतं. तसंच झालं.

रूपाली पहिल्यांदा आली तवा दुपार होती. लेकरं जेवून बसली होती. ती दारात उभी राह्यली. कडेवर अधिराज, सव्वा वर्षाचं पोरगं, मान खांद्यावर टाकून पडलेलं. नवऱ्याचं झाल्यापासून तिचं दूध आटलं होतं. घरात पन्नास माणूस येतंय जातंय, चहा चाललाय, पोराकडं कुणी बघत न्हाई. दुभती म्हैस पुरात गेली. सासऱ्यानं, अप्पारावनं, सांगितलेलं की शाळेतल्या खरकट्याला आपल्या घरचं माणूस हात लावणार न्हाई. पोरगं उलट्या करून राह्यलं होतं. ती चोरून आली.

बाया उठल्या. उषाबाई म्हणली, "हिच्या नवऱ्यानं टेम्पो अडवला. माझा नातू मेला तवा ही कुठं होती?" कुणीतरी तिच्या पायाशी थुंकलं. माझ्यासमोर शेगडीवर दुधाचं पातेलं उकळत होतं. मी फडक्यानं धरून ते उचललं. तुम्हाला वाटलं असंल वर्षा भोळी हाय, दया आली. दया न्हाई आली. ते पातेलं मी तिच्या तोंडावर टाकणार होते. ईश्वरीच्या केसांचा जळका वास तवा अजून माझ्या नाकात होता.

रूपाली हलली न्हाई. म्हणली, "टाका. पण आधी ह्याला घ्या."

आणि तिनं पोरगं पुढं केलं. माझे दोन्ही हात पातेल्याला गुंतलेले. मी पातेलं खाली ठेवलं ते पोराला घ्यायला. त्याला घेतलं तर कोंबडीच्या पिलासारखं हलकं लागलं. चतुराकाकू मागनं आल्या. म्हणल्या, "ठरावात घर कुणाचं ते लिहिलेलं न्हाई. लेकरू हाय का एवढंच लिहिलंय. वर्षे, वाटी घे." मी वाटी घेतली. पहिला चमचा त्यानं ओकला. दुसरा बी. मंग गिळलं. त्याच दिवशी त्याला जीपमधी घालून सलाइन लावून आणलं.

आता दुसरं. तुम्ही लिहिता, एकदाच मारलं. मी तिथं होते. ईश्वरी माझ्या कडेवर होती. पहिल्या फटक्याला राजानंद गुडघ्यावर आला आणि त्यानं हात जोडले. "आदिनाथ, बस" म्हणला. तुम्ही दुसरा घातला. तो आडवा झाल्यावर तिसरा घातला. मोठ्या भाऊजींचा हात मोडला म्हणून पहिला असंल. बाकीचे दोन कशाचे होते ते तुमचं तुम्हाला माहीत. माझी जबानी तुमच्या जबानीशी जुळवून घ्यायची म्हणता. ती मला जुळवता येणार न्हाई. हे पत्र तिथं उघडून वाचतात, तेही मला माहीत हाय.

राजानंद काल गेला. प्रेत आखाड्यावर आणलं तवा अख्खा गाव गेल्ता. आम्ही वस्तीतल्यांनी शाळेची दारं लावून घेतली. बाहेरनं दगड आले. लेकरांना बाकड्यांखाली घातलं. पोलिसांची गाडी हाय म्हणून हे पत्र लिहायला मी जिती हाय.

तुमच्यावर आता खुनाचं कलम लागंल. मला भ्या वाटतं. नवरा म्हणू की नको ते तुम्ही ठरवा.

वर्षाराणी


जालना जेल,
१५ नोव्हेंबर २०२५

वर्षा,

कलम लागलं. कोर्टात नेलं तवा वकिलानं कानात सांगितलं. 

तुझं पत्र मी चार-पाच वेळा वाचलं. पहिल्यांदा फाडायला घेतलं. त्यानं हात जोडले होते हे मला आठवत न्हाई. खरंच आठवत न्हाई. मला त्याचं ते वाक्य ऐकू येत होतं, लेकरं दरसाल काढतेत. मधी काय झालं ते काळं हाय. पण तू सांगतीस म्हणजे झालं असंल. तू कधी वाढवून सांगत न्हाईस.

दुधाचं मी जे लिहिलं ते लिहिलं. आज बी माझा जीव ते मान्य करत न्हाई. राजानंदचं पोरगं माझ्या बायकोच्या मांडीवर, हे डोळ्यासमोर आलं की माझी मूठ आवळती. पण मी आता त्यावर काही बोलत न्हाई.

तू ईश्वरीला घेऊन तुझ्या माहेरी शहागडला जा. हायवेवरचं गाव हाय, माणसांचा राबता हाय, तिथं बबलू येणार न्हाई. शेगडी दुसरं कुणी सांभाळंल. राजानंदचा तेरावा झाला की त्या घरची माणसं मोकळी होतील. पत्र हातात पडलं की निघ. एवढं माझं ऐक.

आदिनाथ


नांदरखेडा,
४ डिसेंबर २०२५

आदिनाथ,

हे अक्षर वर्षाराणीचं नाही. मी रूपाली, राजानंदची बायको. वर्षाच्या उजव्या हाताची दोन बोटं तुटली आहेत आणि तळवा फाटला आहे. ती जालन्याच्या दवाखान्यात आहे. तुमच्यापासून दोन-तीन किलोमीटरवर असेल. तिला लिहिता येत नाही म्हणून तिनं मला लिहायला सांगितलं. नाहीतर तुम्हाला पत्र लिहिण्याचं मला कारण नव्हतं.

तुम्हाला जन्मठेप व्हावी, फाशी व्हावी, असं मला वाटतं. रोज वाटत नाही, पण वाटतं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा गैरसमज व्हायला नको.

वर्षा माहेरी गेली नाही. तिनं तुमचं पत्र मला दाखवलं. म्हणाली, "टोळ्या उसाला गेल्या, मी गेले तर बावीस लेकरांना कोण रांधंल?" तेरावा झाल्यावरही मी अधिराजला शाळेत नेत राहिले. तो आता तिच्याच हातनं जेवतो, मी भरवलं तर तोंड फिरवतो. घरात मामांना, माझ्या सासऱ्यांना, हे कळलं. त्यांनी मला मारलं नाही, पण बबलूला बोलावून त्याच्यासमोर मला विचारलं, "तुझ्या नवऱ्याचा जीव किती वाट्या दुधाला विकलास?" बबलू माझा धाकटा दीर. चोवीस वर्षांचा आहे. भावाच्या चितेला त्यानंच अग्नी दिला. तो उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अधिराजला घेऊन शाळेत होते, लेकरं जेवायला बसली असताना तो आला. बरोबर तिघं होते. दारातल्या पोलिसाला दोघांनी ढकलून पाडलं. बबलूनं पहिली लाथ खिचडीच्या पातेल्याला घातली. ती जमिनीवर पसरली, एका पोरीचे पाय भाजले. लेकरं एकदम ओरडायला लागली. त्रिंबक प्लास्टरच्या हातानं पुढं आला, त्याला त्यांनी भिंतीशी धरून पोटात लाथा घातल्या. तो रक्त ओकला. अधिराज वर्षाच्या मांडीवर होता. बबलू म्हणाला, "आमचं पोरगं दे." वर्षा म्हणाली, "कोयता खाली ठेवा, मंग देते."

त्यानं ठेवला नाही. त्यानं तिच्या मानेवर घातला. तिनं हात आडवा धरला म्हणून ती जगली. बोटं ताटात पडली. तरी तिनं डाव्या हातानं अधिराजला पाठीमागं धरून ठेवलं होतं. बबलूनं दुसऱ्यांदा कोयता उचलला. कोयता माझ्या मुलापासून वीतभर होता. मी शेगडीवरचं उकळतं दूध त्याच्या अंगावर ओतलं. तोंडावर, छातीवर. तो माझा दीर आहे, मी त्याच्या हळदीची तयारी करत होते. त्याची कातडी माझ्या डोळ्यांदेखत सोलली. मला वहिनी वहिनी म्हणत तो जमिनीवर लोळला. तो आवाज मला झोपेत येतो.

मी पोलिसांत जबानी दिली. बबलूच्या विरोधात. उद्या तुमच्या विरोधातही देणार आहे. मामांनी दार बंद केलं. माझे भाऊ न्यायला आले होते, मी गेले नाही. दोन्ही खटल्यांत साक्ष होईपर्यंत मी गावातच राहणार. चतुराकाकूंनी त्यांच्या घरातली खोली दिली आहे. ईश्वरी माझ्याजवळ आहे. पहिले दोन दिवस ती रडून निळी पडत होती, आता पेज खाते. शेगडी मी आणि उषाबाई चालवतो.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. तुमच्या वस्तीतली माणसं उसाच्या फडातून परत येताहेत. त्रिंबक दवाखान्यातून उठून गेला. ट्रॅक्टर भरून आखाड्यावर जायचं, मामांना आणि घराला संपवायचं, असं ठरतंय. गावातलीही माणसं काठ्या-कोयते घेऊन आखाड्यावर बसली आहेत. ऑपरेशनच्या आधी मी दवाखान्यात गेले तेव्हा वर्षा म्हणाली, त्रिंबक फक्त तुमचं ऐकेल. तिनं हे तीनदा सांगितलं आणि मग तिला भूल चढली.

आखाडा जळला तर मला दुःख होईल असं मी म्हणत नाही. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा जळेल.

रूपाली


जालना जेल,
९ डिसेंबर २०२५

रूपालीताई,

तुम्हाला ताई म्हणायचा हक्क मला न्हाई. दुसरं काय लिहावं ते सुचलं न्हाई.

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी दादा भेटायला आल्ता. वर्षाचं मला त्यानंच सांगितलं. जाळीच्या पलीकडनं म्हणला, "माणसं तयार हायेत. तू फक्त हो म्हण." मी हो म्हणलो. म्हणलो, कुणाला सोडू नका.

मंग तुमचं पत्र मिळालं. मी साहेबांच्या पाया पडून फोन मागितला. दादाचा फोन लागेना. दोनदा, तीनदा. मंग चतुराकाकूंना लावला, त्या पळत गेल्या आणि शाळेच्या पुढं ट्रॅक्टर आडवून त्याच्या कानाला फोन लावला. मागं माणसांचा गलका मला ऐकू येत होता. मी म्हणलो, "दादा, जाऊ नको." तो म्हणला, "तू वर्षाचा हात पाह्यलास का?" मी म्हणलो, "न्हाई पाह्यला. पण ईश्वरी राजानंदच्या बायकोच्या कडेवर हाय. तू आखाड्यावर गेलास तर ती माणसं शाळेत येतील. तू तिकडं असशील. मी इथं हाय. तिथं बायाच हायेत." तो मंग म्हणला, "कालच तर तू हो म्हणलास." मी म्हणलो, काल मी चुकलो. फोन कट झाला. त्यानं ठेवला की टाइम संपला, मला कळलं न्हाई. दोन दिवस झाले, मला कुणी काही सांगत न्हाई. ते गेले की परतले, हे तुम्हाला माहीत असंल, मला न्हाई.

वकिलाला सांगितलंय, एकदाच मारलं असं लिहू नका. तो चिडला. म्हणला, मंग मी काय वाचवू? मी म्हणलो, काही वाचवू नका.

तुमच्या नवऱ्यानं हात जोडले होते. माझ्या बायकोनं पाह्यलं. तुम्हाला कुणी सांगितलं नसंल तर हे माझ्याकडनंच कळावं.

ईश्वरी खात नसंल तर तिला पेजेत गुळाचं पाणी कालवून देत जा. ती खाती.

आदिनाथ


नांदरखेडा,
१२ फेब्रुवारी २०२६

ईश्वरीच्या बाबांस,

डाव्या हातानं लिहिलंय, म्हणून अक्षर असं. एक ओळ लिहायला चहा निवतो. फोनवर तुम्ही थोडकं ऐकलं, बाकीचं आता लिहिते.

मोठे भाऊजी त्या दिवशी ट्रॅक्टरवरनं उतरले. त्यांच्याबरोबर बरेच उतरले. सगळे न्हाई. चार पोरं पायी निघून गेली आणि त्यांनी आखाड्यातली कडब्याची गंजी पेटवली. अप्पाराव बैल सोडवायला आत घुसले, पाठ भाजली. एक बैल मेला. आपला एक पोरगा तिथं सापडला, त्याला गावच्या माणसांनी इतका मारला की त्याचा एक डोळा गेला. माणूस मेलं न्हाई. इथं आता लोक एवढ्यालाच बरं झालं म्हणतात.

बबलू दवाखान्यातनं जेलात गेला. त्याला वेगळ्या जेलात ठेवलंय.

मागल्या आठवड्यात ग्रामसभा झाली. निधीतलं जे उरलंय त्याचं काय करायचं, हा विषय होता. गावातले बरेच म्हणले, शाळेतला हा तंटा बंद करा, पैसा बांधाला लावा, ह्या शेगडीपायीच रक्त सांडलं. उषाबाई उठली. म्हणली, "रक्त लेकरांनी न्हाई सांडलं." मंग हात वर झाले. मी डावा वर केला. चतुराकाकूंनी दोनदा मोजले आणि तिसऱ्यांदा ग्रामसेवकाला मोजायला लावले. थोडक्यात निभावलं. पावसाळ्यापर्यंत शेगडी चालंल, जीप बी. अप्पाराव आले होते, पाठीला पट्टी बांधून. त्यांनी हात वर केला न्हाई. विरोधात बी केला न्हाई.

तुम्ही कोर्टात तीन वेळा मारलं म्हणून सांगितलं, ते मोठे भाऊजी अजून मान्य करत न्हाईत. माझ्याशी बोलत न्हाईत. त्यांना वाटतं मी तुम्हाला घालवलं.  रूपालीच्या साक्षीची तारीख लागली की ती तुमच्या विरोधात उभी राहील आणि मी तिच्याबरोबर अधिराजला घेऊन जालन्याला जाईन, कारण तो माझ्याशिवाय राहत न्हाई. तुम्ही मला तिथं बघाल. तयारी ठेवा.

तुम्ही विचारलं होतं, आम्ही दोघी एका खोलीत कशा राहतो. मैत्रिणी न्हाई झालो. कधी कधी दिवसभर बोलत न्हाई. तिनं एकदा माझ्या हाताचं ड्रेसिंग करताना असं आवळलं की माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मुद्दाम की चुकून, मी विचारलं न्हाई.

काल दुपारी ईश्वरीनं अधिराजच्या ताटात हात घातला. ती आता धरून धरून चालते. त्यानं पळी उचलून तिच्या डोक्यात घातली. भळकन रक्त आलं. ईश्वरी किंचाळली आणि तिनं त्याचा गाल चावून धरला, सोडीना. सगळ्या बाया घास तोंडाशी धरून आमच्याकडं बघत राह्यल्या, की आता ह्या दोघी काय करतेत. रूपालीनं हात उगारला. कुणावर उगारला, तिच्या पोरावर की माझ्या पोरीवर, ते मला कळलं न्हाई. तिला बी कळलं नसंल. मी तिचं मनगट धरलं. तिनं माझ्याकडं पाह्यलं. 

मंग तिनं ईश्वरीला उचललं आणि मी अधिराजला. तिनं ईश्वरीच्या डोक्यात हळद भरली. मी त्याचा गाल पाण्यानं पुसला. दोघंही रडून रडून तशीच खांद्यावर निजली, पार सांज होईस्तोवर, आणि आम्ही ती बदलून घेतली न्हाईत.

वर्षाराणी